कथेतला, कारखान्यातला आणि बाजारातला घातपात एकच असतो का?

आपण विचारले आहे की, कारखान्यात घडणाऱ्या एका कथेत आतून घातपात करणारे पात्र खरे वाटावे यासाठी काय करावे, त्या पात्राला शेवटी शिक्षा व्हावी का, आणि कंपन्या ग्राहकांशी व ग्राहक कंपन्यांशी जे वागतात त्यालाही घातपात म्हणता येईल का. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका अभियांत्रिकी कारखान्यात माझी बहुतेक नोकरी गुणवत्ता तपासणी विभागात गेली. त्यामुळे बिघडलेला माल हातात घेऊन तो का बिघडला हे शोधणाऱ्याच्या बाजूने मी उत्तर देतो.

माझ्या मते घातपाताला आधी विश्वास लागतो. ज्याच्या हाती कोणी काही सोपवलेलेच नाही, तो हल्ला करू शकतो किंवा चोरी करू शकतो. पण घातपात करण्यासाठी माणूस आत असावा लागतो आणि त्याच्यावर कोणाची तरी भिस्त असावी लागते. म्हणून आपल्या पात्राने काय मोडले हे ठरवण्याआधी त्याच्या हाती काय सोपवले होते, हे ठरवावे.

आपल्याकडे हा विषय निघाला की बहुतेक जण ‘ध चा मा’ सांगतात. लेखकाला त्याहून शल्य अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. मद्रदेशाचा हा राजा नकुल-सहदेवांचा मामा. तो पांडवांच्या मदतीलाच निघाला होता. परंतु वाटेत दुर्योधनाने उभारलेल्या विश्रांतिस्थानांतल्या पाहुणचाराने प्रसन्न होऊन, हा पाहुणचार कोणाचा हे कळण्याआधीच तो वर देऊन बसला आणि कौरवांच्या बाजूला बांधला गेला. पुढे युधिष्ठिराने त्याच्याकडून वचन घेतले की, कर्णाचे सारथ्य करण्याची वेळ आली तर त्याने कर्णाचा तेजोवध करावा. युद्धाच्या सतराव्या दिवशी शल्य लगाम हाती घेतो, तोही मनाला येईल ते बोलण्याची मुभा आधी मिळवून. त्यानंतर तो काय करतो आणि काय करत नाही, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो घोडे उधळू देत नाही, रथ भलतीकडे नेत नाही. रथ उत्तम हाकतो आणि बोलत राहतो. अर्जुनाची स्तुती करतो, उष्ट्यावर पोसलेल्या कावळ्याने हंसाशी पैज लावल्याची गोष्ट ऐकवतो, आणि सेनापतीची शक्ती स्वतःच्याच सारथ्याशी भांडण्यात खर्च होते. नंतर सर्पमुख बाणाच्या वेळी हाच शल्य सांगतो की, हा बाण मानेचा वेध घेणार नाही, पुन्हा नीट संधान कर. सल्ला अचूक असतो. कर्ण दोनदा बाण जोडत नाही, असे म्हणून कर्ण तो झिडकारतो, आणि बाण अर्जुनाच्या किरीटावर जातो. यात कर्णाचा अभिमान आहेच. पण जे काही ऐकवले गेले होते त्यानंतर त्या तोंडचा खरा सल्ला त्याला खरा वाटावा तरी कसा? घातपाताचे सर्वांत मोठे नुकसान मला येथे दिसते, आणि आपल्या कथेत अशा एका प्रसंगाला जागा असावी.

आता कारखान्याकडे येतो. आमच्याकडे व्हॉल्व्हचे भाग तयार होत. सकाळच्या पाळीचे जुने टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर काम करणारे कामगार, काम लावण्याआधी लेथ थोडा वेळ रिकामे फिरू देत, कारण स्पिंडल, म्हणजे त्याचा फिरता दांडा, तापेपर्यंत माप हलते. ही गोष्ट कोणत्याही प्रोसेस शीटमध्ये लिहिलेली नव्हती. ती त्यांची माहिती होती आणि ती ते कंपनीला फुकट देत होते. एका वर्षी व्यवस्थापनाने उत्पादन बोनस कापला, आणि त्याच सुमारास वीज वाचवण्यासाठी परिपत्रक निघाले की, यंत्र रिकामे चालवू नये. टर्नरांनी परिपत्रक पाळले, अगदी शब्दशः पाळले. पहिल्या तासातला माल गेजवर नापास होऊ लागला, आणि विचारले की एकच उत्तर मिळे, ‘साहेब, कागळमां लख्युं छे ए ज कर्युं छे,’ म्हणजे कागदात लिहिले आहे तेच केले आहे. याला घातपात म्हणावे का, यावर कॅन्टीनमध्ये पुष्कळ वाद होई. माझे उत्तर ‘होय’ असे होते आणि आजही आहे. मात्र विश्वास आधी कोणी मोडला हे विचारल्यास मी बोट कामगारांकडे दाखवणार नाही.

ही पद्धत नवी नाही. १८८९ मध्ये ग्लासगोच्या गोदी कामगारांचा संप मोडला. मालकांनी संपकाळात शेतमजूर आणून काम चालवले होते आणि त्यांच्या कामाची प्रशंसाही केली होती; तेव्हा परत रुजू झालेल्या कामगारांनी त्या अननुभवी मजुरांच्याच गतीने आणि त्यांच्याच ढिसाळपणाने काम सुरू केले. हे उदाहरण फ्रान्समधल्या कामगार पुढाऱ्यांनी उचलले, आणि १८९७ च्या तुलूझ येथील अधिवेशनात हे हत्यार अधिकृतपणे स्वीकारले गेले. १९४४ मध्ये अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेने शत्रूच्या ताब्यातील प्रदेशांतल्या सामान्य नागरिकांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात यंत्रे बिघडवण्याच्या सूचना आहेत. परंतु कचेरीसाठी दिलेल्या सूचना अधिक बोचतात. प्रत्येक गोष्ट योग्य मार्गानेच व्हावी असा आग्रह धरा, विषय समितीकडे पाठवा, समिती शक्य तितकी मोठी करा आणि तिच्यात पाचांहून कमी माणसे कधीही ठेवू नका, ठरावाच्या शब्दांवर घासाघीस करा. ज्याने कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा पाहिली आहे, त्याला हे शत्रूने शिकवावे लागत नाही.

कायद्याने या प्रकाराची दखल घेतलेली आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या पाचव्या अनुसूचीने मंदगती कामाला चिथावणी देणे हे कामगारांच्या अनुचित प्रथांमध्ये धरले. १९६१ मध्ये एका साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंदगती कामाला संपाहून अधिक हानिकारक ठरवले. कारण संपात यंत्रे बंद ठेवता येतात, येथे मात्र ती कमी वेगाने चालत राहून झिजतात, आणि कामगार पूर्ण वेतनावर हक्क सांगतात.

आपण बेचाळीसच्या चळवळीचे उदाहरण पुढे कराल, म्हणून सांगतो. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल हुतात्मा झाले. गांधीजींनी सुटकेनंतर १९४४ मध्ये मालमत्तेची मोडतोडही हिंसाच मानली, हा वाद वेगळा. माझ्या व्याख्येत ते युद्ध होते. इंग्रजांनी कोतवालांवर काही विश्वासाने सोपवलेले नव्हते.

ग्राहकाच्या बाबतीत सोपवणे दोन्ही बाजूंनी असते. विजेचा दिवा घेणाऱ्याला तो किती तास जळेल हे दुकानात पाहता येत नाही. तो उत्पादकावर भरवसा ठेवतो. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे ओसराम, फिलिप्स आणि इतर मोठ्या उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरवले. नमुने तपासले जात आणि ज्याचा दिवा अधिक काळ टिके त्या उत्पादकाला दंड होई. चांगला माल केल्याबद्दल दंड! तपासणी विभागातल्या माणसाला याहून उलटे जग कल्पिता येणार नाही. अधिक टिकणारा दिवा त्याच विजेत कमी उजेड देतो, हे तांत्रिक कारण खोटे नव्हे. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये हजार तासांची मर्यादा वाजवी तडजोड मानली होती. तरीही निर्णय बंद दाराआड झाला आणि ग्राहकाला कळवला गेला नाही, यावर माझा आक्षेप कायम आहे. फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूचे आयुष्य मुद्दाम घटवणे हा गुन्हा ठरवला. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली आणि त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत; त्यांपैकी न विचारता टोपलीत वस्तू घालणे आणि वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणे हे दोन आपण सर्वांनी भोगलेले असतील.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मंगळबाजारातले एक परिचित दुकानदार सांगतात की, नवरात्र संपले की चनियाचोळ्या ‘माप बसत नाही’ म्हणून परत येतात आणि घेराच्या काठाला गरब्याच्या मैदानाची धूळ असते. परतीची सोय हाही ग्राहकाच्या हाती सोपवलेला विश्वासच आहे. परिणाम असा झाला की, आता ज्यांना खरोखर माप बसत नाही त्यांचीही ते उलटतपासणी घेतात.

राहिला शिक्षेचा प्रश्न. आपण कथा कारखान्यात ठेवणार असाल, तर फौजदारी खटल्याची घाई करू नका. आधी कारणे दाखवा नोटीस निघेल, मग आरोपपत्र, मग अंतर्गत चौकशी. आणि चौकशीत व्यवस्थापनाला बिघाड नव्हे, हेतू सिद्ध करावा लागेल. आपल्या पात्राने प्रत्येक आदेश पाळला असेल, तर त्याच्या बचावाचे सर्व कागद व्यवस्थापनाच्याच सहीचे असतील. मी पाहिलेल्या अशा चौकशा बहुतेक पुराव्याअभावी थंडावल्या आणि त्या माणसाला दुसऱ्या पाळीत किंवा भांडारात हलवले गेले. त्याच्या जागी आलेल्या नवख्याला यंत्र आधी तापवावे लागते हे कोणीही सांगत नाही, आणि माल पूर्वीपेक्षा अधिक नापास होतो.