निघून जाण्याची मोकळीक

नागपूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्जेंटिनाच्या फुटबॉलपटूवरचा आसिफ कपाडिया यांचा ‘दिएगो मॅराडोना’ हा माहितीपट पाहून तू मला एकच प्रश्न लिहून पाठवलास, की एवढ्या मोठ्या खेळाडूला सावरायला कोणीच कसे पुढे आले नाही. फोनवर दोन वाक्यांत उत्तर द्यावे असा हा प्रश्न नाही. शिवाय बाहेरगावच्या क्लबचा करार तुझ्या हातात येऊन पडला आहे आणि पावसाळा लागण्यापूर्वी तू नागपूर सोडशील असे दिसते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आता तुझ्या स्वतःच्या कामाचे झाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या चित्रपटात आठवणी सांगणाऱ्यांचे चेहरे पडद्यावर येत नाहीत, त्यांचे फक्त आवाज ऐकू येतात आणि डोळ्यांसमोर जवळजवळ पूर्ण वेळ दिएगोच राहतो, हे तुझ्या लक्षात आले असेल. 500 तासांहून अधिक जुने चित्रीकरण हाती लागले म्हणून हे साधता आले. त्यातले बरेचसे चित्रीकरण दिएगोचा बालमित्र आणि पहिला एजंट होर्खे सितेर्सपिलेर याने, पुढे त्याच्यावर चित्रपट काढायचा म्हणून, खास माणसे नेमून करून घेतले होते. तो चित्रपट त्या काळी निघालाच नाही. परंतु विशीतल्या एका मुलाच्या घरात, गाडीत आणि कपडे बदलायच्या खोलीतसुद्धा कॅमेरा पोचलेला होता, तो त्याच्या मित्राने त्याच्या भल्यासाठीच आणला होता, आणि तरीही दिवसातला कोणता तास त्या मुलाचा एकट्याचा होता हे मला त्या चित्रीकरणात शोधूनही सापडत नाही.

तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. दिएगोवर जीव टाकणारी माणसे पुष्कळ होती, पण ‘आता पुरे, इथून निघ’ असे त्याला सांगणे ज्यांना परवडले असते अशी माणसे त्याच्याभोवती फारच थोडी होती. प्रसिद्धीची किंमत म्हणून लोक व्यसनाचे, तुटलेल्या संसाराचे, बदनामीचे नाव घेतात. माझ्या मते त्या सगळ्याच्या आधी एक वस्तू हातची गेली होती, आणि ती म्हणजे नको असेल तेथून उठून निघून जाण्याची मोकळीक. ती एका दिवसात गेली नाही. एकेका उपकाराबरोबर आणि एकेका जयजयकाराबरोबर ती थोडी थोडी गेली.

सुरुवात पाहा. ब्यूनोस आयरिसच्या दक्षिणेला असलेल्या व्हिया फियोरितो या झोपडवस्तीत तो वाढला, सोळावे वर्ष पूर्ण होण्याच्या दहा दिवस आधी, 20 ऑक्टोबर 1976 रोजी, अर्जेंटिनोस ज्युनियर्सकडून पहिल्या प्रतीचा सामना खेळला, आणि तेव्हापासून आईवडील आणि भावंडे यांचे घर त्याच्या पायांवर चालू लागले. ज्या मुलाच्या खेळण्यावर घरातली चूल पेटते, त्या मुलाला ‘मला आज खेळायचे नाही’ असे म्हणता येत नाही. आपल्याकडच्या वस्त्यांमधली मुले हे मुद्दाम सांगितल्याशिवाय समजतात. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ 2022 मध्ये आला, तेव्हा आपल्या नागपूरच्या वस्तीतल्या फुटबॉलची गोष्ट देशाने पाहिली. त्यात वस्तीच्या भिंतीपलीकडे जाण्याची धडपड होती. भिंत ओलांडल्यावर जे समोर येते ते कपाडियांच्या चित्रपटात आहे, आणि ते तू या वयात पाहिलेस याचे मला समाधान वाटते.

बार्सिलोनातली दोन वर्षे त्याला सोसली नाहीत. आधी कावीळ झाली, मग सप्टेंबर 1983 मध्ये बिल्बाओच्या बचावपटूच्या टॅकलने घोटा मोडला, आणि शेवटी स्पेनच्या राजाच्या उपस्थितीत झालेल्या चषकाच्या अंतिम सामन्यानंतर मैदानावर मोठी हाणामारी झाली. 5 जुलै 1984 रोजी इटलीतल्या नेपल्स शहराच्या नापोली क्लबने जागतिक विक्रमी किंमत मोजून त्याला आणले, तेव्हा सान पाओलो स्टेडियममध्ये 70,000 हून अधिक माणसे नुसती त्याला पाहायला जमली होती. त्याच दिवशीचा पत्रकार परिषदेचा प्रसंग तू पुन्हा एकदा पाहावास. एका पत्रकाराने उठून कामोरा या तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांच्या पैशाविषयी विचारले, आणि क्लबचे अध्यक्ष कोर्रादो फेरलाइनो भडकले आणि त्या पत्रकाराला बाहेर काढण्यात आले. पुढच्या सात वर्षांत जे घडायचे होते त्याविषयीचा खरा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला होता. दिएगो तिथे बसून होता, तेवीस वर्षांचा, आणि त्याला त्या प्रश्नाचे महत्त्व कळण्याआधीच खोलीचे दार लावले गेले.

नेपल्स हे शहर त्याच्यासाठी इतके वेडे का झाले हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. इटलीच्या श्रीमंत उत्तरेकडच्या मैदानांवर नापोलीच्या खेळाडूंचे स्वागत ‘अंघोळ करा’ अशा फलकांनी आणि शिव्यांनी होत असे. त्या शहराला या बुटक्या, वस्तीतून आलेल्या मुलाने 10 मे 1987 रोजी इटलीच्या लीगचे पहिलेवहिले विजेतेपद मिळवून दिले. कोणीतरी कब्रस्तानाच्या भिंतीवर मृतांना उद्देशून लिहिले, की तुम्ही काय गमावलेत याची तुम्हाला कल्पना नाही. एक वर्ष आधी मेक्सिकोत, 22 जूनच्या त्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात, हाताने केलेला गोल आणि पाठोपाठ अर्धे मैदान कापून केलेला शतकातला गोल, हे दोन्ही चार मिनिटांच्या अंतराने जगाने पाहिले होते, आणि विश्वचषकही त्याच्या हाती आला होता. इतके प्रेम मिळाल्यावर माणूस सुखी का होत नाही, असे तुझ्या वयात वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या शहराचा स्वाभिमान तुझ्या डाव्या पायावर उभा आहे, ते शहर तुला आजारी पडू देत नाही, थकू देत नाही, आणि जाऊ तर मुळीच देत नाही.

मे 1989 मध्ये युएफा चषक जिंकल्यावर त्याला जायचे होते. फ्रान्समधल्या मार्सेयकडून बोलावणे होते, तिथे दडपण कमी असते, आणि आपण जे द्यायचे ते देऊन झाले आहे असे त्याला वाटत होते. फेरलाइनोंनी सोडण्यास नकार दिला. कागदावर करार क्लबच्या बाजूने होता, त्यामुळे कायद्याने त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु पुढच्या दोन वर्षांतली सगळी घसरण मी या एका नकारापासून मोजतो. दुसऱ्या वर्षी नापोलीला पुन्हा विजेतेपद मिळाले, आणि त्याच खेळाडूचा आठवडा रविवारचा सामना, मग बुधवारपर्यंत रात्रीचे जागरण आणि कोकेन, मग उरलेले दिवस घाम गाळून शरीर निवळवणे, असा लागलेला होता. जोपर्यंत रविवारी गोल होत होते तोपर्यंत हे कोणाच्याच नजरेला आले नाही.

नंतर 3 जुलै 1990 चा दिवस आला. विश्वचषकाचा उपांत्य सामना, अर्जेंटिना विरुद्ध इटली, आणि मैदान नेमके नेपल्सचे. वर्षभर तुम्हाला हिणवणारा हा देश आज एक दिवस तुम्ही इटालियन आहात असे म्हणतो आहे, अशा अर्थाचे तो बोलला आणि त्याने शहराकडे पाठिंबा मागितला. सामना पेनल्टीवर गेला, त्याने आपली पेनल्टी मारली, इटली बाहेर पडली. त्यानंतर संरक्षण म्हणून जे जे त्याच्याभोवती होते ते सगळे गळून पडले. 17 मार्च 1991 च्या बारीविरुद्धच्या सामन्यानंतर तपासणीत कोकेन सापडले, 15 महिन्यांची बंदी आली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तो निरोपाच्या सामन्याशिवाय इटलीतून निघून गेला. कोकेन त्या एका रविवारीच त्याच्या शरीरात होते, असे समजण्याइतका भाबडा तू नाहीस.

त्याचा व्यायाम प्रशिक्षक फर्नांदो सिन्योरिनी म्हणतो, की दिएगो हा असुरक्षित वाटणारा गोड मुलगा होता आणि मॅराडोना हे जगाला तोंड देण्यासाठी घेतलेले सोंग होते. दिएगोबरोबर आपण जगाच्या टोकापर्यंत जाऊ, मॅराडोनाबरोबर एक पाऊलही टाकणार नाही. तुला हे फार आवडले असे तू लिहिलेस. मला ते पूर्णपणे पटत नाही. सप्टेंबर 1986 मध्ये नेपल्समध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाला त्याने जवळजवळ तीस वर्षे जवळ केले नाही, तो नकार कोणत्या सोंगाच्या नावावर टाकायचा? परिस्थितीने त्याला कोंडले हे खरे आहे, आणि त्या कोंडीत त्याने इतरांना दुखावले हेही तितकेच खरे आहे. पण एक गोष्ट सिन्योरिनीच्या बाजूने सांगितलीच पाहिजे, की तो दिएगोच्या तोंडावर हे बोलू शकला.

आता तुझ्याकडे येतो. कामठीच्या मैदानावरची तुझी फ्री किक कोणीतरी मोबाइलवर टिपली आणि ती गावभर फिरली, त्यानंतर तुमच्या चौकात जो अभिनंदनाचा फ्लेक्स लागला तो मी थांबून नीट पाहिला. वरच्या बाजूला नेत्यांचे मोठे चेहरे, खाली शुभेच्छुकांच्या छोट्या फोटोंच्या दोन रांगा, आणि मधे कोपऱ्यात तू, तोही गेल्या वर्षीच्या ओळखपत्रावरच्या फोटोतला. लावणाऱ्यांचे तुझ्यावर प्रेम नाही असे मी म्हणत नाही. तो फ्लेक्स कोणाच्या कामाचा आहे एवढे तू ओळखावेस. तसेच वस्तीतल्या एका भाऊंनी तुला वापरायला दिलेली मोटारसायकल. तू सांगितलेस की त्यांनी बदल्यात काहीच मागितले नाही. नेपल्सच्या फोर्चेल्ला भागातल्या, कामोरातल्या जुलियानो कुटुंबानेही घड्याळे आणि मेजवान्या देताना दिएगोसमोर हिशोब मांडला नव्हता. ज्याची परतफेड ठरलेली नसते ते देणे कधी फिटत नाही. ती गाडी या आठवड्यात टाकी भरून, पुसून, हात जोडून परत कर, आणि भाऊंचा मान राखून कर. त्यांचे वाईट व्हावे अशी माझी इच्छा नाही.

घोट्याबद्दल. शेवटच्या सामन्याआधी सुजलेल्या घोट्यात तुला इंजेक्शन दिले गेले, आणि त्यात काय होते हे तू विचारले नाहीस. दिएगोही वर्षानुवर्षे दुखणे दाबणारी इंजेक्शने घेऊन खेळला, आणि त्या पायांचे पुढे काय झाले ते तू चित्रपटाच्या शेवटी पाहिलेस. आज त्यात आणखी एक धोका आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 1 जानेवारी 2022 पासून कॉर्टिझोनसारख्या स्टिरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने स्पर्धेच्या काळात निषिद्ध ठरवली आहेत, आणि शरीरात सापडलेल्या औषधाची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, मग ते कोणीही टोचलेले असो. यापुढे औषधाचे नाव, तारीख आणि डॉक्टरची सही असलेला कागद हातात आल्याशिवाय सुई लावून घ्यायची नाही. ‘आजचा सामना महत्त्वाचा आहे’ असे तुला प्रत्येक सामन्याआधी सांगण्यात येईल.

करारातही याच दृष्टीने पाहा. रकमेचा आकडा सगळ्यांना दिसतो, म्हणून तो मी शेवटी वाचतो. आधी बाहेर पडण्याचे कलम वाचतो. तू अजून अठराचा झाला नाहीस, आणि फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार 3 वर्षांहून अधिक मुदतीचा असू शकत नाही. तुला पाठवलेल्या मसुद्यात 5 वर्षे लिहिलेली आहेत, हे तू सांगितलेस तेव्हाच मला खटकले होते. दोन महिन्यांचा पगार थकला, तर लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत द्यावी आणि तरीही पैसे न आल्यास करार संपवावा, अशी तरतूद फिफाच्या नियमांत 2018 पासून आहे. ती आपल्या कागदात शब्दशः यावी. एजंट म्हणून जे गृहस्थ आले आहेत, ते क्लबकडून किती घेतात आणि तुझ्याकडून किती, हे दोन्ही आकडे लिहून मागायचे. बँकेचे खाते तुझे आणि आईचे राहील, तिसऱ्याची सही त्यावर चालणार नाही.

घरी पैसे पाठवशील ते पाठव, ते तुझे कर्तव्य आहे आणि तुझा आनंदही आहे, पण पहिल्या सहा महिन्यांत तुझ्या पगारावर घराचे कर्ज काढू नका असे मी तुझ्या वडिलांना सांगणार आहे. त्यांना ते आवडणार नाही. पण ज्या दिवशी घराचा हप्ता तुझ्या घोट्यावर येईल, त्या दिवसापासून तुला दुखतेय असे म्हणायची चोरी होईल.

येत्या रविवारी सकाळचा सराव आटोपला की आईला बरोबर घेऊन रेशीमबागेतल्या माझ्या घरी ये. कराराच्या दोन झेरॉक्स आण. माझे एक विद्यार्थी आता जिल्हा न्यायालयात वकिली करतात, तेही येतील, आणि आपण चौघे मिळून पान न् पान वाचू. मुदत, थकलेला पगार आणि इजेचे उपचार या तीन कलमांत दुरुस्ती मागणारे पत्र तू स्वतःच्या अक्षरात लिहायचे आहेस, मी फक्त शुद्धलेखन पाहीन. क्लबने ती मान्य केली तर सही कर. नाही केली तर सही करू नकोस. जुलैमध्ये इथल्या लीगसाठी आपला संघ उतरायचाच आहे, आणि तुझी नोंदणी मी अजून रद्द केलेली नाही.

तुझा,
सर