मुलीला अमेरिकेतल्या एका ख्रिश्चन लिबरल आर्ट्स विद्यापीठात बी.ए.साठी प्रवेश आणि निम्मी स्कॉलरशिप मिळतेय. आम्ही हिंदू आहोत. पाठवावं का? धर्मांतराचा दबाव येतो का?

दबाव येत नाही. प्रश्न येतात, आणि ते चार वर्षं येतच राहतात. त्या प्रश्नांनी मला जेवढं छळलं तेवढं तिथल्या थंडीनेही छळलं नाही. गंमत म्हणजे मी हिंदू नव्हतोच.

मी नगरचा. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) घर पाच पिढ्यांचं ख्रिस्ती. 2009 ते 2013 मिडवेस्टमधल्या अशाच एका कॉलेजात होतो. नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यातले काही जण अजून तिथंच नोकरीला आहेत. दीडेक हजार पोरं, चारी बाजूंनी मका. मेजर रसायनशास्त्र, मायनर इतिहास.

आधी ते कॉलेज कुठल्या जातीचं आहे ते बघा. हो, यांच्यातही जाती असतात. कॅलिफोर्नियातलं बायोला पदवीसाठी ख्रिस्ती नसलेल्या मुलांना घेतच नाही. इलिनॉयमधलं व्हीटन प्रत्येकाकडून आचारसंहितेवर सही घेतं. तिथली नाचावरची बंदी उठली ती थेट 2003 मध्ये. टेक्ससमधलं बेलर कुठल्याही धर्माच्या मुलाला घेतं, पण दोन सेमिस्टर चॅपल (म्हणजे कॉलेजची प्रार्थनासभा) आणि धर्माचे दोन कोर्स चुकत नाहीत. मिशिगनच्या कॅल्व्हिनमध्ये चॅपल आहे, सक्ती नाही. तुमची मुलगी हिंदू आहे हे माहीत असून तिला घेतलंय, म्हणजे हे बेलर-कॅल्व्हिनसारखं, सगळ्या धर्मांच्या मुलांना घेणारं असणार. चॅपलला दांडी मारली तर काय होतं, एवढं विचारून घ्या.

आता माझी गोष्ट. पहिल्या वर्षीचा ऑक्टोबर. कॉलेजात मिशन सप्ताह होता. चॅप्लनच्या, म्हणजे कॉलेजच्या पाळकाच्या, ऑफिसातली एक मुलगी खोलीवर आली आणि म्हणाली, तू पाच मिनिटं साक्ष दे, आणि तुमच्याकडचा पोशाख घालून ये. साक्ष म्हणजे मी देवाकडे कसा वळलो ती कथा. मी म्हटलं, मी वळलो नाही, मी शब्बाथशाळेतच, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतच, मोठा झालोय. तिला तो माझा विनय वाटला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलबाहेर पोस्टर लागलं, माझा फोटो आणि खाली 'अंधारातून प्रकाशाकडे'. ही तर उपनिषदातली प्रार्थना झाली, पण हे तिला कोण सांगणार!

गेलो. झब्बा घालून गेलो, कारण बापाने बॅगेत एक कोंबलाच होता. समोर तीनेकशे पोरं. मी आजीबद्दल बोललो. आजीकडे 'उपासना संगीत' हे ख्रिस्ती गाण्यांचं पुस्तक होतं, पुठ्ठा निघालेलं, मधल्या पानांवर हळदीच्या बोटांचे ठसे, कारण ती भाजीला फोडणी देता देता गाणं शोधायची. आमच्या घरी पेटी आणि टाळांवर ना. वा. टिळकांची भजनं व्हायची, सतरंजीवर मांडी घालून. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, आमच्या घरातला त्याच्याही आधीचा. इथवर ठीक चाललं होतं. मग माझी जीभ घसरली. म्हटलं, तुमचे पिलग्रिम, म्हणजे इंग्लंडहून इथे वसायला आलेले ते ख्रिस्ती, जहाजातून उतरले 1620 साली. त्याच्या चार वर्षं आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापून झालं होतं, मराठीत, ओव्यांमध्ये. त्यामुळे इथे नवा कोण आणि जुना कोण, ते आपण नंतर ठरवू.

सभागृह गप्प. मग टाळ्या, त्याही चर्चमध्ये वाजतात तशा दबक्या. बाहेर पडताना आयोवाचा एक शेतकऱ्याचा पोरगा आला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "तुझ्या घरचे तुला परत घरात घेतील ना?" त्याच सकाळी आईने फोनवर विचारलं होतं, रविवारी देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) जातोस ना रे, का झोपतोस?

मी इतका तडकलो की परत यायच्या गोष्टी करायला लागलो. सोमवारी ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचा तास होता (तो कोअरमध्ये, सगळ्यांना सक्तीचा). तास संपल्यावर प्राध्यापकांनी थांबवून घेतलं. म्हणाले, तू बोललास ते खरं होतं, पण तुला त्यातलं फारसं माहीत नाही, ऐकीव आहे. आणि लायब्ररीच्या तळघरात घेऊन गेले. तिथे अमेरिकन बोर्डाचे जुने वार्षिक अहवाल होते, हात लावला की चामड्याचा लाल भुगा बोटांना लागायचा. हेच ते बोर्ड, ज्याची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली आणि ज्याला आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन म्हणतात. पहिल्या तुकडीतला गॉर्डन हॉल हा विल्यम्स कॉलेजचा, म्हणजे लिबरल आर्ट्सवालाच. 1831 च्या पुढच्या पानांवर माझं गाव सापडलं. स्पेलिंग असं की उच्चार 'अहमदनग्गर' व्हावा. मिरी रस्त्यावरून येता-जाता पाहिलेलं माझं गाव आठ हजार मैलांवरच्या तळघरात इंग्रजीत वाचताना कसं वाटलं ते सांगता येत नाही. काही पानांवर आमच्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते वाचून रागही आला.

आमच्याकडे जानेवारीत तीन आठवडे एकच विषय घेता यायचा. मी हा घेतला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मी आणि ते अहवाल. चोवीस पानांचा निबंध लिहिला. बी प्लस मिळाला. समासात पेन्सिलने शेरा होता: "पुरावा उत्तम. चिडचिड अजून दिसते."

लिबरल आर्ट्स म्हणजे काय असं जो विचारतो त्याला मी हे सांगतो. केमिस्ट्रीच्या पोराला कोणीतरी तळघरात नेतं आणि त्याच्याकडून त्याच्याच गावाचा इतिहास लिहून घेतं. माझा चुलतभाऊ, पुण्यात इंजिनिअरिंग केलेला, दर नाताळात करंजी खाता खाता तोच हिशेब मांडतो: एकशे वीस क्रेडिटांतले केमिस्ट्रीचे जेमतेम चाळीस, बाकी बायबल, कविता, आणि पोहण्याचं एक. पोहण्याचं होतं, कबूल. पण दादा, तुझ्या चार वर्षांत तू एकदा तरी कुणा मास्तरला "तुम्ही चुकताय" म्हणालास का? मी म्हणालो, आणि त्यांनी मला जेवायला बोलावलं. वर्गात चौदा पोरं असली की लपता येत नाही आणि मास्तरलाही लपता येत नाही. नोकरीचं म्हणशील तर पेंटच्या कंपनीत लॅबमध्ये माझं बरं चाललंय, आणि आमच्या टीममध्ये रिपोर्ट सगळ्यांचे मीच लिहितो.

असो. प्रश्न तुमच्या मुलीचा होता.

माझा रूममेट नेपाळी हिंदू होता. चॅपलची हजेरी लागायची म्हणून जायचा, मागच्या बाकावर बसून कॅल्क्युलस सोडवायचा. कोणी काही म्हटलं नाही. चार वर्षांत त्याला नवा करार चार वेळा भेट मिळाला, चारही त्याने टेबलाच्या मोडक्या पायाखाली लावले, आणि ते आरएला (हॉस्टेलवर देखरेख करणाऱ्या सीनियर पोराला) दिसलं तेव्हा आरए हसला. त्याला माझ्यापेक्षा सोपं गेलं, कारण तो त्यांच्या कप्प्यात नीट बसत होता. मी बसत नव्हतो. तुमची मुलगी हिंदू आहे असं सरळ सांगेल, तर लोक फार तर तिच्यासाठी प्रार्थना करतील. तेवढं चालवून घ्या.

खरा जाच दुसराच असतो. दारू कॅम्पसवर नाही. मुलामुलींनी एकमेकांच्या हॉस्टेलवर जायचे तास ठरलेले, तेही दार उघडं ठेवून. हे तुम्हाला बहुधा आवडेलच, पण अठरा वर्षांच्या मुलीला विचारा. आणि नाताळच्या सुट्टीत हॉस्टेलं बंद होतात, मेसही. पहिल्या वर्षी हे मला आठवडाभर आधी कळलं. कोणाच्या तरी घरी राहावं लागतं. मी त्या आयोवाच्या पोराकडेच राहिलो, डुकरांना खायला घातलं, आणि त्याच्या आईने मला घरी परत घेतील की नाही असं काही विचारलं नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. निम्मी स्कॉलरशिप मिळाली म्हणून पेढे वाटू नका. या कॉलेजांत छापील फी पूर्ण भरणारा विरळाच, स्कॉलरशिप म्हणजे बऱ्याचदा लग्नसराईतली सूट असते. पत्र पाठवून आणखी मागा, देतात. एफ-1 व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं. मी डिशरूममध्ये केलं, त्यातून पुस्तकं आणि जाकीट निघालं, फी नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या मी आधीच लिहायला हव्या होत्या. अशी छोटी कॉलेजं बंद पडतायत. आयोवा वेस्लियन 1842 पासून चालू होतं, 2023 मध्ये बंद झालं. न्यूयॉर्कचं अलायन्स विद्यापीठही त्याच वर्षी. विद्यार्थीसंख्या गेल्या पाच वर्षांत वाढली की घटली, एवढं तरी विचाराच. दुसरं, विद्यार्थ्यांचं हँडबुक मुलीला स्वतः, एकटीला वाचू द्या. लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं अशी अट बऱ्याच ठिकाणी लेखी असते आणि ती मोडली तर कारवाई होते. तिला त्याचा त्रास होणार असेल तर ते तुम्हाला माहीत असेलच असं नाही. माझ्या वर्गातल्या एकाच्या आईबापांना नव्हतं.

माझा काळ जुना, व्हिसाचे नियम तेव्हापासून बरेच हलले आहेत, ते आजचे बघून घ्या.

आणि राइस कुकर देऊ नका. आरएने माझा पहिल्याच आठवड्यात जप्त केला, मे महिन्यात परत दिला, आत सप्टेंबरचा भात तसाच.