कॉकटेल पोपट पिसं फुगवून बसलाय, दाणे खात नाही. अजून दोन दिवस वाट बघू का?

नको, वाट बघू नका. तुम्ही लिहिलंय की दोन कॉकटेलपैकी नर कालपासून पिसं फुगवून एका जागी बसतोय, शीट पातळ आणि हिरवी झालीय, आणि दुकानदारानं पाण्यात कॅप्सूल टाकायला सांगितलंय. कॅप्सूल बाजूला ठेवा. त्याला आत्ता ऊब द्या आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

इतकं ठासून सांगतेय कारण मी एकदा वाट बघितली होती. आमच्याकडं पहिली होती ती बजी, म्हणजे छोट्या रंगीत पोपटाची जात, गल्लीतले सगळे तिला लव्हबर्डच म्हणायचे. ती अशीच फुगून बसायला लागली, आणि मला वाटलं पावसाची हवा आहे, थंडी वाजत असेल. मलाही एका दुकानात कॅप्सूलच मिळाली होती, ती पाण्यात टाकली. पाण्याला कडू चव आली आणि तिनं पाणीच सोडलं. चौथ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी होती. हातात घेतली तर छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागलं. वरून गुबगुबीत दिसत होती, पिसांच्या आत काही उरलंच नव्हतं. दुपारी गेली.

पक्षी आजार लपवतात. थव्यात जो दुबळा दिसतो तोच शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ते ठणठणीत असल्यासारखे वागतात. आपण पिंजऱ्याजवळ गेलो की तुरा उभारतात, वाटीशी जातात. म्हणून बघायचं ते लांबून, त्याचं लक्ष नसताना. दार अर्धं लोटून दहा मिनिटं उभ्या राहा. दिवसाउजेडी दोन्ही पायांवर बसून डुलक्या घेतोय का? श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलतंय का? हे हलणं दिसलं तर श्वासाला त्रास होतोय, तासाभराचाही उशीर नको. वाटीशी जाऊन दाणा चोचीत धरतो, सोलतो आणि टाकून देतो, असं करत असेल तर तो खातोय असं समजू नका. वाटी भरलेली दिसते ती टरफलांनी. फुंकर मारून बघा, खाली दाणे किती उरलेत ते कळेल.

शिटेचं विचारलंत ते फार बरं केलंत. ट्रेमध्ये वर्तमानपत्राऐवजी साधा पांढरा कागद घाला आणि रोज सकाळी बदला. चांगल्या शिटेत तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, त्यावर पांढरी खडूसारखी टोपी आणि भोवती थोडं पाणी. आदल्या दिवशी काकडी दिली असेल तर पाणी जास्त दिसेल, बीट दिलं असेल तर लाल दिसेल, त्याला घाबरू नका. पण पांढरा भागच पिवळट-हिरवा झाला, अख्खे दाणे न पचता पडले, किंवा शीट अगदी थोडी आणि गर्द हिरवी पडायला लागली, म्हणजे पोटात काही जातच नाहीये, तर तो कागद घडी घालून सोबत न्या.

आणि वजन. माझ्या मते पक्षी पाळणाऱ्या घरात पिंजऱ्याइतकाच काटा गरजेचा आहे, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. सकाळी पहिली शीट झाली की दाणे घालायच्या आधी मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो, त्यातले नऊ-दहा ग्रॅम कमी होणं म्हणजे आपलं पाच-सहा किलो वजन एकदम उतरण्यासारखं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला होता त्या आठवड्यातली गोष्ट. महामार्ग बंद, आमच्या गल्लीत वीज नाही. आमची कॉकटेल, चिकू, शिट्ट्या मारत होती, दिसायला काही नव्हतं. पण काट्यावर ८१ ग्रॅम भरली, आधीच्या आठवड्यात ९२ होती. त्याच दिवशी तिला बुटांच्या खोक्यात घालून, वर टॉवेल टाकून, चालत डॉक्टरांकडं नेली. त्यांनी शीट सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि वजनाप्रमाणं औषध मोजून दिलं. उबेसाठी दिवा लावायला वीज नव्हती, म्हणून गरम पाण्याची पिशवी जाड पंच्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची आणि दोन-दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. दहा दिवसांनी ८९ भरली. आजही ती माझ्या खांद्यावर बसते.

तुमच्याकडं वीज आहे, तेव्हा हे करा. लहान पिंजरा किंवा खोकं घ्या, तीन बाजूंनी चादर टाका, हवेला वाट ठेवा. एका बाजूला, बाहेरून, चोच पोचणार नाही आणि कापडाला लागणार नाही असा ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते. आत थर्मामीटर ठेवा, ३० अंशांच्या आसपास हवं. दुसरी बाजू थोडी गार राहू दे, म्हणजे त्याला नको झालं तर सरकता येईल. पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी टाकली तर जास्त तापलंय, बल्ब मागं घ्या. दांडी तळाला लागून ठेवा, दाणे-पाणी चोचीसमोर. चमच्यानं किंवा सिरिंजनं पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. दूध नको, ब्रँडीचा थेंबही नको, घरातली माणसांची औषधं तर नकोतच.

तो नरच आहे ना, हे एकदा नीट बघा. कॉकटेलमध्ये पुष्कळदा फसायला होतं. मादी असेल, पोट खालून फुगलं असेल आणि शेपूट ताणून जोर लावत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. मग हातात काही तासच असतात, लगेच डॉक्टर गाठा, घरी दाबून काढायला जाऊ नका.

कोल्हापुरात जनावरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण सगळे पक्षी बघत नाहीत. आधी फोन करून विचारा: पक्षी तपासता का, शीट तपासता का? इथं जमलं नाही तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याकडं जाताना खंबाटकी घाटानंतर. पण इतका लांबचा प्रवास आजारी पाखराला झेपेलच असं नाही, त्यामुळं आधी इथल्या डॉक्टरांनाच तिकडं फोनवर बोलायची विनंती करा. गाडीवरून नेणार असाल तर वारा लागू देऊ नका.

दुसऱ्या पाखराला आजच वेगळ्या खोलीत ठेवा, वाट्या वेगळ्या, आणि आधी निरोगी पाखराचं करून मग आजारी पाखराचं. पोपटांचा एक ताप माणसालाही होतो, वाळलेल्या शिटेच्या धुळीतून. म्हणून ट्रे झाडू नका, पाणी शिंपडून पुसून घ्या, तोंडाला मास्क लावा. घरात कुणाला ताप-खोकला आला तर पक्षी पाळलाय हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पिंजरा स्वयंपाकघराजवळ असेल तर तो हलवा. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापला की त्याची वाफ पोपटाला मिनिटांत मारू शकते. चटणीच्या मिरच्या भाजायच्या दिवशी, मच्छर अगरबत्ती लावली असताना, त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला न्या. आणि राळे-बाजरीचा डबा उघडून वास घ्या. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दाण्यांना बुरशी धरते, कुबट वास आला तर सगळा डबा टाकून द्या.

हे वाचणाऱ्या कुणाकडं आपला देशी हिरवा राघू असेल तर त्यांच्यासाठी: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पाळायला बंदी आहे. पण त्या भीतीनं त्याला उपचाराविना ठेवू नका आणि घाईनं बाहेर सोडूही नका, पिंजऱ्यात वाढलेला राघू बाहेर जगत नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

डॉक्टरांकडं निघताना तीन गोष्टी घ्या: आजचा ट्रेचा कागद, तो खात होता त्या दाण्यांची पुडी, आणि त्या कॅप्सूलचं पाकीट. एखादा डोस पाण्यातून गेला असेल तर तेही सांगा. संध्याकाळी वजन किती भरलं ते इथं लिहा, मी बघते.