नेटबॉलमध्ये चेंडू झेलून उतरताना तोल जातो, कोणते व्यायाम करावेत?

तुम्ही लिहिलंय की एका पायावर मिनिटभर आरामात उभ्या राहता, वॉबल बोर्डवरही (डगमगणाऱ्या फळीवर) जमतं, पण सामन्यात चेंडू झेलून उतरलात की पाय सरकतो आणि पंच स्टेपिंगची, म्हणजे चेंडू हातात असताना पाय चुकीचा टाकल्याची, शिट्टी वाजवतात. माझंही दोन सीझन हेच रडगाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उभं राहतानाचा तोल वेगळा आणि उतरतानाचा वेगळा. बोर्डवर तुम्हाला सावरायला वेळ असतो, नजर समोरच्या भिंतीवर असते आणि हात मोकळे असतात. कोर्टवर यातलं काहीच नसतं. त्यात नेटबॉलला ड्रिबल नाही, त्यामुळे चेंडू आपटत दोन-चार पावलांत वेग जिरवायची सोय नाही. जो पाय आधी टेकला त्यावर तुम्ही वळू शकता, दुसरा पाय हवा तिथे टाकू शकता. पण टेकलेला पाय उचललात तर तो पुन्हा जमिनीला लागायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. वर चेंडू हातात ठेवायला तीन सेकंदांची मर्यादा. म्हणजे पळत आलेल्या अख्ख्या शरीराचा वेग एका घोट्यात, गुडघ्यात आणि खुब्यात मुरवायचा. या खेळात घोटे आणि गुडघे सगळ्यात जास्त दुखावतात ते उगाच नाही, आणि गुडघ्याचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) तर बऱ्याचदा कुणाचा धक्काही न लागता जातो.

माझा घोटा मुरगळला होता. बरा झाल्यावर मी डोळे मिटून एका पायावर उभं राहण्यात इतकी तरबेज झाले की दात घासतानाही तेच. पहिल्याच सामन्यात बाजूला उडी मारून पास घेतला आणि सरळ आडवी. मग आमच्या कोचनी फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून माझ्या उड्यांचं समोरून शूटिंग केलं. पाहिलं तर उतरताना गुडघा दर वेळी आत, अंगठ्याच्या दिशेने कलत होता, आणि छाती चेंडूच्या मागे ओढली जात होती. आवाजही स्पष्ट रेकॉर्ड झाला होता, धप्प! तुम्हीही आधी हे शूटिंग करा. अर्धं निदान तिथेच होतं.

व्यायामाचा गाभा एकच: उतरा आणि गोठा. दोन्ही पायांवरून छोटी उडी मारून एका पायावर या आणि तीन आकडे मोजेपर्यंत पुतळा व्हा. गुडघा थोडा वाकलेला, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. ढुंगण मागे, टाच खाली, आवाज शक्य तितका कमी. पाय तसूभर जरी सरकला तरी ती उडी धरायची नाही. प्रत्येक पायाच्या अशा पाच चांगल्या उड्या झाल्या की पुरे, वाईट वीस मारून उपयोग नाही. पुढच्या दिशेची उडी बसली की बाजूला, मग मागे, मग हवेत पाव वळण घेऊन. ही वळणाची उडी सगळ्यात जास्त कामाची, कारण खेळात चेंडू क्वचितच समोरून येतो.

मग चेंडू आणा. मैत्रिणीला सांगा की तुमचे पाय जमिनीवरून सुटल्यावरच पास टाकायचा, तोही कधी डोक्यावर, कधी कमरेशी. माझा सगळा डोलारा इथेच कोसळला होता! नजर चेंडूकडे गेली की पायाकडे लक्ष राहत नाही, मग घोट्याने स्वतःच काम करायला शिकावं लागतं. ते जमलं की झेलल्यावर लगेच कुणाला पास द्यायचा हे तिने ओरडून सांगायचं, आणि अगदी शेवटी खांद्याला हलकासा धक्का. एका वेळी एकच अडचण वाढवा. आम्ही घाईघाईत धक्का आणि वळण एकत्र आणलं आणि दोघींचे घोटे आठवडाभर ठणकले.

तुम्ही गोल शूटर किंवा गोल अटॅक (गोल करायची मुभा असलेल्या दोन जागा) असाल तर एका पायावर उभं राहून शूट करायचाही सराव ठेवा, समोर हात वर करून कुणीतरी असताना. बचाव करणारी ०.९ मीटरवर उभी राहून पुढे झुकते, तेव्हा आपण नकळत टाचांवर जातो.

ताकदीशिवाय हे टिकत नाही. एका पायावर खुर्चीपर्यंत बसून उठणं, एका पायावर टाच उचलणं, साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर अंग सरळ उचलून धरणं), एवढं पुरतं. गुडघा आत पडतो तेव्हा दोष बहुतेकदा खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचा असतो, म्हणून साइड प्लँक टाळू नका (मी टाळायचे).

वेळ: वॉर्मअपमध्येच १०-१२ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान सहा ते आठ आठवडे. सरावाच्या शेवटी दमलेल्या पायांनी नको, सुरुवातीच्या काही आठवड्यांत तरी नाही. नेटबॉल ऑस्ट्रेलियाचा ‘नी’ (गुडघा) प्रोग्रॅम आणि न्यूझीलंडचा नेटबॉलस्मार्ट या दुखापती टाळण्याच्या कार्यक्रमांनीही हे व्यायाम वॉर्मअपमध्येच बसवलेत. दोन्ही इंटरनेटवर आहेत, व्हिडिओ जरूर बघा.

प्रगती मोजायला जमिनीवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन टेप चिकटवा. मध्यावर अनवाणी एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचं बोट पुढे आणि मागे दोन्ही तिरप्या दिशांना जितकं लांब जाईल तितकं न्या आणि सेंटिमीटर लिहून ठेवा. पुढच्या दिशेला उजव्या-डाव्यात ४ सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्या शालेय बास्केटबॉल खेळाडूंना पायाच्या दुखापती जास्त झाल्याचं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. माझा फरक तेव्हा सहा होता, मुरगळलेल्या बाजूला कमी.

बोर्ड फेकून देऊ नका, त्यावर उभं राहून भिंतीवर पास मारा. मात्र साधं जिना उतरतानाही घोटा दगा देत असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी फिजिओला दाखवा.