मसाई माराचा मुक्काम : फाटकाच्या आत की बाहेर?

केनियातल्या मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्राला जाणाऱ्या वाचकांचे मुक्कामाविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे (मुलगी 12, मुलगा 7) दोन रात्रींसाठी जाणार आहोत. राखीव क्षेत्राच्या आतला लॉज महाग आहे. सेकेनानी फाटकाबाहेरचा कॅम्प त्याच्या निम्म्या दरात मिळतो आहे. बाहेर राहिलो तर काय बिघडेल? (वाचक, नाशिक)

उत्तर : खोलीच्या दराशेजारी आधी प्रवेशशुल्क मांडा, मग तुलना करा. 2024 पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात. 9 ते 17 वर्षांच्या मुलांना 50 डॉलर, त्याहून लहानांना माफ. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. दुपारी चारला आत शिरलात तरी ते सहालाच संपतं, उरलेले तास दुसऱ्या दिवशी मिळत नाहीत.

नैरोबीहून नारोकमार्गे सेकेनानीला पोहोचायला पाच ते सहा तास लागतात. पहिल्या दिवशी गाडीतून प्राणी पाहण्याची संध्याकाळची फेरी, दुसरा अख्खा दिवस आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची फेरी असा बेत धरला, तर बाहेर राहणाऱ्याला तीन तिकिटं लागतात. आत राहणाऱ्याला दोन पुरतात, कारण निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत फाटकाबाहेर पडलं की नवं तिकीट लागत नाही. तुमच्या कुटुंबासाठी एका दिवसाचं तिकीट म्हणजे 200 + 200 + 50, एकूण 450 डॉलर. ही रक्कम बाहेरच्या कॅम्पच्या दरात मिळवली की ‘निम्मा दर’ निम्मा राहत नाही.

तरीही बाहेरच राहायचं असेल तर बेतच बदला. पहिल्या संध्याकाळी आत जाऊच नका. तासा-दीड तासासाठी अख्खं तिकीट जाळणं ही तिथली सर्वांत नेहमीची चूक आहे. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला फाटकावर हजर राहा, जेवणाचा डबा कॅम्पकडून बांधून घ्या आणि मधे बाहेर पडू नका. मात्र दोन रात्रींत एकच दिवस जंगलाच्या वाट्याला येतो, हे लक्षात ठेवा. म्हणून फक्त दोन रात्री असतील तर आम्ही आतलाच मुक्काम सुचवू. तीन-चार रात्री असतील तर बाहेरचा कॅम्प रास्त ठरतो.

आता जागा. सेकेनानी आणि तालेक ही फाटकं पूर्वेकडची. विल्डबीस्टचे (गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप जिथे मारा नदी ओलांडतात त्या जागा पश्चिमेला, सेकेनानीहून साधारण दीड-दोन तासांवर आहेत. तिथे पोहोचल्यावरही कळप पाण्यात उतरेपर्यंत तासन् तास थांबावं लागू शकतं. हा देखावा मुख्यतः जुलै ते ऑक्टोबरमधला. दिवाळीपर्यंत बरेचसे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीकडे परतू लागलेले असतात, तेव्हा त्या सुट्टीत ‘नदीकाठचा तंबू’ म्हणून चढा दर मोजू नका. सिंह, चित्ते, हत्ती इथे बारमाही असतात आणि कीकोरोक किंवा तालेकच्या आसपासच्या मोकळ्या गवताळ भागात ते चांगले दिसतात.

नदीच्या पश्चिमेचा सुमारे 510 चौरस किलोमीटरचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल. त्याचा कारभार 2001 पासून वेगळी संस्था पाहते. तिथे मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे गाड्यांची गर्दी कमी. पण राखीव क्षेत्राच्या आत दोन्ही भागांना जोडणारा पूल दक्षिण टोकाला, पुरुंगाटला आहे. ट्रँगलमध्ये राहून रोज पूर्वेकडे जाऊ, असा बेत कोणी आखून दिला तर तो नाकारा.

प्रश्न : एका कॅम्पचा पत्ता ‘नाबोईशो कॉन्झर्व्हन्सी’ असा आहे. तो खरा मसाई माराच ना? (वाचक, पुणे)

उत्तर : राखीव क्षेत्राला लागूनच आहे, पण त्याच्या आत नाही. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे खासगी जमिनीवरचं संरक्षित क्षेत्र. ताडोब्याचं बफर डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की इथली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. ती कुटुंबं जमीन कॅम्पवाल्यांना भाड्याने देतात आणि गुरं ठरलेल्या काळात, ठरलेल्या भागातच चारतात. नाबोईशो 2010 मध्ये अशीच उभी राहिली. ओलारे मोटोरोगी आणि मारा नॉर्थ याही त्याच घडणीच्या. किती एकरांमागे किती तंबू हे ठरलेलं असतं, म्हणून एका सिंहाभोवती वीस गाड्यांचा गराडा पडत नाही.

राखीव क्षेत्रात ज्याला मनाई आहे ते इथे चालतं : रात्रीची फेरी, मसाई वाटाड्याबरोबर पायी फिरणं, बिबट्या दिसल्यावर वाट सोडून गाडी जवळ नेणं. दर चढा असतो, पण त्यात बहुधा जेवण, फेऱ्या आणि तिथलं शुल्क येतं. राखीव क्षेत्रात एक दिवस जायचं तर मात्र वरचं तिकीट वेगळं. दरपत्रकात ‘फुल बोर्ड’ लिहिलं असेल तर त्यात फक्त तीन वेळचं जेवण येतं, गाडी येत नाही. ‘गेम पॅकेज’मध्ये फेऱ्याही धरलेल्या असतात. गाडीत किती जण आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का, एवढं लेखी घ्या.

प्रश्न : आई 72 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तंबूत राहणं झेपेल? (वाचक, सांगली)

उत्तर : झेपेल. इथल्या बहुतेक तंबूंना पक्की जमीन, पलंग आणि आत जोडलेलं कमोडचं स्वच्छतागृह असतं. अडचण येते ती अंतराची. शेवटचा तंबू जेवणघरापासून दोन-तीनशे मीटरवर असू शकतो आणि वाट दगडगोट्यांची असते. आरक्षण करतानाच जेवणघराजवळचा, पायऱ्या नसलेला तंबू मागा. गाडीचं पायठाण उंच असतं, तेव्हा चढायला छोटं स्टूल ठेवायला सांगा.

बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर अस्करी, म्हणजे रखवालदार, सोबत असल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नये. पाणघोडे रात्री चरायला काठावर येतात. तंबूत खाऊ ठेवू नका आणि दिवसाही चेन पूर्ण ओढा. माकडं आणि बबून उघडी फट बरोबर हेरतात.

काही कॅम्पमध्ये न्हाणीसाठी गरम पाणी सांगितल्या वेळी कापडी बादलीत भरून देतात. साधारण 20 लिटर असतं, तेव्हा आधी अंग ओलं करून नळ बंद करा, साबण लावा, मग उरलेलं पाणी घ्या. मारा दीड हजार मीटरहून उंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागतेच. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात का, विचारा. वीज सौर किंवा जनरेटरची असते आणि अनेक ठिकाणी रात्री बंद होते. आई झोपेत श्वासाचं यंत्र वापरत असतील तर रात्रभर चालेल अशी बॅटरी आहे का, हे पैसे भरण्याआधीच पक्कं करा.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूण खात नाही. (वाचक, सोलापूर)

उत्तर : केनियात चपाती आणि ‘न्डेंगू’, म्हणजे अख्ख्या मुगाची उसळ, घरोघरी होते, तिथल्या भारतीय वस्तीचाच हा वारसा. त्यामुळे शाकाहारी जेवण अवघड नाही, पण मसाल्याचं वाटण आधीच केलेलं असतं. किमान आठवडाभर आधी लेखी कळवा आणि पोहोचल्याबरोबर आचाऱ्याशी स्वतः बोला. सोबतचा फराळ डब्यात न्या. 2017 पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे.

प्रश्न : मे महिन्यात दर फार उतरलेले दिसतात. जावं का? (वाचक, नागपूर)

उत्तर : मार्च अखेरपासून मेपर्यंत तिथला मोठा पाऊस असतो. शुल्क 100 डॉलर, गर्दी नाही, गवत हिरवंगार. पण जमीन विदर्भातल्यासारखी काळी, चिकट. चाकं रुतली की तास-दोन तास जातात. व्हॅन घेऊच नका, चारही चाकांना जोर असलेली लँड क्रूझरच हवी. कॅम्प फाटकाजवळचा आणि खडीच्या रस्त्यावरचा निवडा. ओढा ओलांडून जावं लागत असेल तर टाळा. काही कॅम्प या महिन्यांत बंदच असतात.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण तासात पोहोचता येतं. त्यात हातातल्या पिशवीसकट माणशी 15 किलोच सामान नेता येतं आणि तेही मऊ बॅगेत. कडक सुटकेस घेत नाहीत. कॅम्पला सर्वांत जवळची धावपट्टी कोणती ते विचारूनच विमानाचं तिकीट काढा. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतल्यावर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.