कंप्युटरच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या

प्रश्न : दादा नमस्कार. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. मुलाने नवीन कंप्युटर घेतलाय, पण अनवाणी असताना त्याच्या पत्र्याच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. मीटरने डबा आणि नळाचा लोखंडी पाइप यांच्यात मोजलं तर 112 व्होल्ट आले. वायरमन म्हणतो बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तार मारून देतो, झिणझिण्या बंद. मारू देऊ का?

उत्तर : ताई, अजिबात नाही, आणि मारून झाली असेल तर आजच मेन बंद करून काढायला लावा.

आधी तुमचा आकडा बघू. सप्लाय 230 चा, 112 म्हणजे जवळजवळ निम्मा. एसएमपीएसमधे, म्हणजे कंप्युटरच्या आत वीज पुरवणाऱ्या भागात, लाइनमधली खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून बॉडीला, एक न्यूट्रलवरून बॉडीला, दोन्ही सारखे, त्यामुळे अर्थिंग नसेल तर बॉडी दोघांच्या बरोब्बर मधे लटकत राहते. अर्थिंग असलं की हाच गळका करंट जमिनीत निघून जातो, कळत पण नाही. तो एक मिलीअँपहून कमीच असतो, म्हणजे कंप्युटर बहुतेक चांगला आहे, बदलायला धावू नका. मला काळजी गीझर आणि वॉशिंग मशीनची वाटते, कारण तिथे खरंच फेज बॉडीला लागला तर तो जाणार कुठे?

आता ती तार. जुन्या घरात खांबापासून बोर्डापर्यंत जोड किती असतात बघा, त्यातला न्यूट्रलचा एक जरी सुटला तर चालू पंख्या-बल्बातून फेज उलटा फिरून त्या तारेने थेट डब्यावर येतो, मग झिणझिण्या नाही, पूर्ण 230.

बोर्डापर्यंत वेगळी हिरवी तार ओढून घ्या आणि अंगणात कोळसा-मीठ घालून पाइपचं नीट अर्थिंग करून घ्या. आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला सोडून देते, म्हणून एप्रिल-मे मधे खड्ड्यात पाणी घालत जा. काम झालं की सगळे प्लग काढून वायरमनला फेज आणि अर्थमधे 100 वॅटचा बल्ब लावून दाखवायला सांगा, पूर्ण पेटला पाहिजे, मिणमिणला तर पैसे देऊ नका. त्यानंतर 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा, आधी बसवली तर बल्ब लावताच ट्रिप होईल.

तोपर्यंत मुलाला चप्पल घालून बसू दे आणि डब्यामागच्या वायरी लावता-काढताना बोर्डातला प्लगच काढू दे.