एकच केबल रिलीज सगळ्या फिल्म कॅमेऱ्यांना चालते का?

आपल्याकडे झेनिट-ई, निकॉन एफ२, यशिका मॅट-१२४जी आणि फिल्मवर चालणारा कॅनन ईओएस ३०० असे चार कॅमेरे आहेत. सोलापूरच्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतले शोभेचे दारूकाम आणि तळ्यातले मंदिराचे प्रतिबिंब टिपण्यासाठी एकच केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटरचे बटण दाबणारी तार, पुरेल का, असे आपण विचारले आहे. झेनिट आणि यशिकाला एकच केबल पुरेल, एफ२ ला तीच केबल एका छोट्या जोडाने बसेल आणि ईओएसला मात्र ती मुळीच बसणार नाही.

बहुतेक यांत्रिक कॅमेऱ्यांच्या शटर बटणाच्या मधोमध एक निमुळते छिद्र असते आणि त्याच्या आत बारीक आटे असतात. बाजारात सर्वसाधारणपणे मिळणारी केबल याच निमुळत्या आट्यांची असते. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१, कॅनन एई-१, एवढेच काय, हॅसलब्लाड ५००सी/एम आणि लायकाच्या एम मालिकेतल्या कॅमेऱ्यांनाही तीच चालते. यशिकाचे बटण पुढच्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे केबल तिथे आडवी बसते. ती ट्रायपॉडच्या डोक्यावर अडकत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

निकॉन एफ आणि एफ२ यांची रचना निराळी आहे. त्यांच्या बटणात छिद्र नसते. केबलचे टोक टोपीसारखे बटणावर बसते आणि बटणाभोवतीच्या कड्यावरील आट्यांत फिरते. जुन्या, स्क्रू माउंटच्या लायकाचीही हीच पद्धत आहे. निकॉनची या प्रकारची केबल एआर-२ या नावाने ओळखली जाते, तर साध्या आट्यांची एआर-३. जुनी एआर-२ शोधत बसण्यापेक्षा, या कड्यावर बसणारा आणि वर साधी केबल घेणारा छोटा धातूचा जोड घ्यावा, असे माझे मत आहे.

ईओएस ३०० ला २.५ मिलिमीटर पिनची विजेवर चालणारी आरएस-६०ई३ लागते. तीच वायर कॅननच्या अनेक साध्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही चालते, तेव्हा विकत घेण्यापूर्वी ओळखीत कुणाकडे आहे का, ते विचारावे. केवळ ऑटोफोकस आहे म्हणून कॅमेरा वायरवरचाच असणार, असे मात्र समजू नये. निकॉन एफ८० मध्ये सगळी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक असूनही बटणाला जुन्या पद्धतीचे आटे आहेत, आणि एफ१०० ला मात्र दहा पिनांची वायर लागते.

केबल घेताना लांबीचा मोह धरू नये. चाळीस-पन्नास सेंटिमीटर भरपूर झाली. त्याहून लांब केबलमध्ये आतली तार घासते आणि दट्ट्या जड चालतो. खरे महत्त्व दोन गोष्टींना आहे. पहिली म्हणजे लॉक, कारण ‘बी’ वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते, त्या खुणेवर) शटर उघडे ठेवून अंगठा दाबून धरणे म्हणजे हादरा टाळण्यासाठी घेतलेल्या केबलने हादरा देणे. स्क्रू पिळून घट्ट करण्याच्या लॉकपेक्षा चकतीचे लॉक मला अधिक पसंत आहे, कारण अंधारात ते एका बोटाने सुटते. दुसरी गोष्ट म्हणजे दट्ट्याची सुई किती बाहेर येते. ती आखूड असली तर बटण पूर्ण खाली जात नाही आणि शटर सुटतच नाही.

म्हणून केबल दुकानातच तपासावी. कॅमेऱ्यात रोल नसताना मागचे झाकण उघडावे, वेग ‘बी’ वर ठेवावा, लेन्स उजेडाकडे धरून केबल दाबावी आणि लॉक करावी. लेन्समधून उजेडाचा गोल सलग दिसत राहिला आणि लॉक सोडताच शटर पटकन मिटले, तर ती केबल त्या कॅमेऱ्याची. बसवताना टोक आधी किंचित उलटे फिरवावे. आटे जुळल्याचे बोटांना कळते, मग सुलटे फिरवावे आणि हाताला अडले की थांबावे. आपल्याकडच्या धुळीत आट्यांत कचरा साचतो, तो मऊ ब्रशने काढावा. तेल घालू नये. रबरी फुग्याची हवेवर चालणारी केबल मी सुचवणार नाही, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात ते रबर लवकर चिरते.

केबल हाताचा हादरा घालवते, शटर सुटताना कॅमेऱ्याच्या आत वर उसळणाऱ्या आरशाचा नाही. यशिकाचा आरसा जागचा हलत नाही, म्हणून केबलचा पुरेपूर लाभ तिथेच मिळतो. एफ२ वर आरसा आधी वर उचलून ठेवता येतो. झेनिटवर तशी सोय नाही आणि त्याचा सर्वांत मंद वेग १/३० सेकंद आहे, म्हणजे त्याहून लांब एक्सपोजर ‘बी’ वरच द्यावे लागते. तिथे लेन्ससमोर काळे पुठ्ठे धरून शटर उघडावे, आरशाचा हादरा निवेपर्यंत क्षणभर थांबून पुठ्ठे बाजूला करावे. झेनिटवर हेलिओस ४४-२ ही लेन्स असेल, तर फोकस झाल्यावर प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे दुसरे कडे हाताने मिटवावे लागते आणि अंधारात नेमके तेच राहून जाते.

होम मैदानावरच्या दारूकामासाठी १०० आयएसओची फिल्म, एफ/८ ते एफ/११ आणि ‘बी’ एवढे पुरते. फटाक्याच्या रेघांचा उजळपणा अ‍ॅपर्चरवर ठरतो. शटर किती वेळ उघडे राहिले, त्यावर फक्त किती फटाके एका चौकटीत येतात, ते ठरते. केबल ताणून धरू नये, सैल वळण देऊन लोंबू द्यावी, आणि गर्दीत ट्रायपॉडचा एक पाय आपल्या दोन पायांमध्ये ठेवावा.

मंदिराच्या प्रतिबिंबाचे गणित निराळे आहे, कारण तिथे प्रकाश स्थिर असतो आणि लांब एक्सपोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटते. इलफर्ड कंपनीने आपल्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायला सांगितले आहे. म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या मीटरने १० सेकंद दाखवले तर सुमारे २० आणि ३० दाखवले तर सुमारे ८६ सेकंद द्यावे लागतात. एवढा वेळ शटर उघडे ठेवायचे, तर लॉक नसलेली केबल घेऊ नये.